शब्दचर्चा : 'माद्रुगादा' म्हणजे पहाट का?

प्रश्न : प्वेर्तो रिकोची संथ, धूसर रेगेटॉन (नाचाच्या ठेक्यावरचं लॅटिन संगीत) प्रेमगीतं ऐकतोय. त्यांत 'माद्रुगादा' हा स्पॅनिश शब्द सारखा भेटतो. कोशात अर्थ आहे मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंतचा काळ. गाणं मराठीत आणताना 'पहाट' चालेल?

प्रतिसाद : नाही चालणार. 'पहाट' म्हटलं की भूपाळी, वासुदेव, काकडआरती. ती झोपून उठलेल्यांची वेळ. ही गाणी जागत बसलेल्याची आहेत. 'उत्तररात्र' घ्या.

प्रतिसाद : स्पॅनिशमध्ये दोन्ही एकाच शब्दात नांदतात. 'माद्रुगार' म्हणजे भल्या पहाटे उठणं, आणि 'आ किएन माद्रुगा, दिओस ले आयुदा' ही म्हण लवकर उठणाऱ्याला देवाची मदत कबूल करते. गाण्यातल्या पोराला मात्र झोपच नाही! आपण तीच वेळ दोन नावांनी सांगतो. गजर लावून एसटी पकडायला उठलात तर पहाटेचे तीन, फोन हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत असाल तर रात्रीचे तीन.

प्रतिसाद : थोडं ठेक्याबद्दल, कारण अर्थ तिथूनही येतो. रेगेटॉनचा कणा म्हणजे 'देंबो'. हे नाव जमैकाच्या शाबा रँक्सच्या १९९०च्या 'डेम बो' गाण्यावरून पडलं. खाली किक (मोठ्या ड्रमचा ठोका) सरळ चालते, वरचे आघात आठ मात्रांत ३-३-२ असे पडतात. नाचाच्या गाण्यात स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) कोरडा आणि अगदी पुढे असतो. या प्रेमगीतांत ठेका तोच, पण त्याची वरची धार कापलेली, भिंतीपलीकडून आल्यासारखा. त्यावर सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) लांब सूर, आवाजाला भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. थोडक्यात, पार्टी चालूच आहे, गाणारा तेवढा बाजूला झालाय. 'उत्तररात्र' मला त्यासाठी फार निवांत वाटतो. शिवाय तो छापील शब्द. असा पोरगा 'उत्तररात्री स्मरतेस' म्हणेल? 'रात्री तीनला आठवतेस' म्हणेल.

प्रश्नकर्ता : पटलं. ओळीत 'रात्री तीन', शीर्षकात 'माद्रुगादा' तशीच ठेवतो.

प्रतिसाद : ठेवा, पण गाताना ऐका. तिथल्या बोलीत शेवटचा 'द' गळून 'माद्रुगा' उरतं, 'नादा'चंही (काही नाही) 'ना' होतं, आणि यमक जुळतं. मराठीत 'तीन'ला 'तुजवीण' आहे. ण-नचा फरक देंबोत खपेल, फक्त 'तुजवीण' पुन्हा छापीलच.