मदत हवी आहे: स्पोर्ट्‌स कारसाठी अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनचा पर्याय घेण्याजोगा आहे का?

नमस्कार.

दोन आसनांची, मागच्या चाकांना शक्ती देणारी एक नवी स्पोर्ट्‌स कार घेण्याचे ठरवले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांबाबत मनात कोणतीही शंका उरलेली नाही. निर्णय अडला आहे तो फक्त सस्पेन्शनवर. मूळ गाडीत साध्या स्प्रिंगा आणि ठरावीक डॅम्पिंगचे, म्हणजे उसळी शमवण्याची ताकद न बदलणारे, डॅम्पर अर्थात शॉक अ‍ॅब्सॉर्बर येतात. त्याच्या वरच्या पर्यायात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे डॅम्पर मिळतात आणि त्यांच्यासोबत गाडी १० मिलिमीटरने खाली येते. सर्वांत वरच्या पर्यायात या डॅम्परांच्या जोडीला वळणावर गाडी झुकू न देणारे अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल बार आहेत. वायरिंग, सेन्सर, कंट्रोल युनिट आणि त्यातील सॉफ्टवेअर हे सगळे कारखान्यातच बसत असल्याने नंतर विचार बदलण्याला फारसा वाव नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

गाडीचा वापर कसा होणार हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय उत्तर देणे अवघड जाईल. बहुतेक अंतर सार्वजनिक रस्त्यांवर कापले जाईल. त्यांत काही गुळगुळीत महामार्ग, काही ठिगळे लावलेले, तर काही वळणावळणाचे डोंगरी रस्ते असतील. वर्षातून काही वेळा ट्रॅकवरही जाईन, मात्र वेळेचे विक्रम मोडण्याची इच्छा नाही. वॉरंटी संपल्यावरही अनेक वर्षे हीच गाडी ठेवायची आहे.

आतापर्यंत जे समजले ते असे. डॅम्पर नियंत्रित असला तरी तो केवळ हालचालीला विरोध करू शकतो; चाकाला किंवा बॉडीला स्वतःहून ढकलू शकत नाही. अभियंते डीन कारनॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की एवढ्या मर्यादेतही, योग्य क्षणी डॅम्पर कडक आणि योग्य क्षणी मऊ केला, तर बॉडी जणू आकाशात स्थिर असलेल्या एखाद्या बिंदूला डॅम्परने बांधली आहे असे वागवता येते. आजच्या बहुतेक नियंत्रित डॅम्परांमागे याच विचाराचे कोणते ना कोणते रूप आहे. खऱ्या अर्थाने अ‍ॅक्टिव्ह व्यवस्था याहून वेगळी असते, कारण ती बाहेरून ऊर्जा घेऊन बळ निर्माण करते. लोटसने अशा गाडीने १९८७ मध्ये मोनॅको आणि डेट्रॉइटच्या फॉर्म्युला वन शर्यती जिंकल्या, विल्यम्सच्या गाडीने १९९२ मध्ये अजिंक्यपद मिळवले आणि १९९४ च्या हंगामापासून या तंत्रावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत मर्सिडीझने १९९९ मध्ये सीएल कूपेवर हायड्रॉलिक व्यवस्था दिली. फेरारीने २०२२ मध्ये पुरोसांग्वेच्या प्रत्येक डॅम्परला ४८ व्होल्टची विद्युत मोटर जोडली.

माझा गोंधळ यापुढे सुरू होतो. ज्यांच्या कामावर पूर्ण विश्वास ठेवावा अशा कंपन्यांनी या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत. शेवरोलेची कॉर्व्हेट २००३ पासून चुंबकीय द्रवाचे डॅम्पर वापरते. या द्रवात लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्र बदलले की त्याचा विरोध जवळजवळ तत्काळ बदलतो. फेरारीने २००६ च्या ५९९ वर तेच तंत्र स्वीकारले. मॅक्लारेनने २०११ च्या एमपी४-१२सी गाडीत अँटी-रोल बार पूर्णपणे काढून टाकले आणि चारही डॅम्पर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांशी जोडले. दुसरीकडे साधारण ११०० किलो वजनाची अल्पीन ए११० आणि लोटसची एमिरा या दोन्ही गाड्या ठरावीक डॅम्परांवरच चालतात, आणि खराब रस्त्यावरच्या त्यांच्या वागणुकीची प्रशंसा अनुभवी चालक मनापासून करतात.

हव्या असलेल्या गाडीच्या पहिल्या दोन प्रकारांची चाचणी घेता आली. साधी गाडी लहान खड्ड्यांवर अधिक हादरली, परंतु तिची प्रत्येक हालचाल आधी ओळखता येत होती. नियंत्रित डॅम्परांची गाडी सौम्य स्थितीत निश्चितच आरामदायी होती. कठोर स्थितीत मात्र ठिगळांच्या रस्त्यावर चाके उड्या मारू लागली आणि स्टिअरिंगवरचा विश्वास कमी झाला. तिसरा प्रकार चाचणीसाठी उपलब्ध नव्हता.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की ज्यांनी अशा गाड्या दीर्घकाळ चालवल्या आहेत किंवा त्यांच्यावर काम केले आहे, त्यांनी दुसऱ्या पर्यायाचा लाभ सार्वजनिक रस्त्यावर टिकाऊ आहे की पहिल्या काही दिवसांच्या नवलाईपुरता आहे हे सांगावे. अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल बारमुळे टायरची पकड सुटण्याची सूचना चालकापर्यंत पोहोचणे खरोखर कमी होते का, हा दुसरा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. वॉरंटीनंतरच्या दुरुस्तीचा अनुभवही कळल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद १

मी सस्पेन्शन जुळवण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत. आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पोर्ट्‌स कारची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण दीड ते दोन वेळा वरखाली होऊ पाहते, तर चाक टायरच्या लवचिकतेवर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळू पाहते. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची जी कंपने सर्वाधिक त्रास देतात ती यांच्या मधोमध, म्हणजे चार ते आठ हर्ट्झमध्ये (सेकंदाला चार ते आठ वेळा) येतात. बॉडीची मोठी हालचाल आवरायची तर डॅम्पर कडक हवा. पण तोच कडकपणा मधल्या पट्ट्यातले सगळे हादरे आसनापर्यंत आणून सोडतो. ठरावीक डॅम्परात ही तडजोड कारखान्यातील अभियंता एकदाच करून ठेवतो. नियंत्रित डॅम्पर ती तडजोड रस्त्यानुसार आणि क्षणानुसार पुन्हा करू शकतो, आणि आपण वर्णन केलेल्या संमिश्र रस्त्यांवर हा लाभ वर्षानुवर्षे जाणवत राहतो. तो नवलाईपुरता नाही. अल्पीनसारखी गाडी त्याविना उत्तम वागते याचे कारण तिच्या वजनात आहे: गाडी हलकी असली की स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि मुळात आवरायची हालचालच कमी उरते. आपली गाडी किती जड आहे हे आपण लिहिलेले नाही. १४०० किलोच्या पुढे असेल तर दुसरा पर्याय घ्यावा असे मी निःशंकपणे म्हणेन.

कठोर स्थितीत आपल्याला आलेला अनुभव अगदी अपेक्षित आहे. ती स्थिती गुळगुळीत ट्रॅकसाठी जुळवलेली असते. सार्वजनिक रस्त्यावर वेगाने जायचे असेल तेव्हाही डॅम्पर सौम्यच ठेवावेत आणि इंजिन व स्टिअरिंगचा प्रतिसाद तेवढा तीव्र करावा. आपल्या गाडीत या गोष्टी वेगवेगळ्या निवडता येतात का, हे ऑर्डरपूर्वी अवश्य पाहा. फेरारीने ४५८ च्या स्टिअरिंगवर खराब रस्त्यासाठी डॅम्पर मऊ करणारे स्वतंत्र बटण दिले ते याच कारणाने. हे स्वातंत्र्य नसेल तर पर्यायाचे निम्मे मोल गेले असे समजावे.

आता अँटी-रोल बार. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जातो हे गाडीचे वस्तुमान, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाचा वेग व त्रिज्या यांवर ठरते. बॉडी किती झुकते याचा त्यात अत्यल्प वाटा असतो. त्यामुळे गाडी सपाट ठेवली म्हणजे तेवढ्याने पकड वाढली असे होत नाही. लाभ होतो तो दुसरीकडून. झुकण्यामुळे चाकांचा रस्त्याशी असलेला कोन बिघडतो, तो कमी बिघडतो. सरळ रस्त्यावर बार सैल सोडता येतो, म्हणून एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूला जात नाही. आणि पुढच्या व मागच्या बारांचा ताण बदलून गाडीचे वळणावरील संतुलन बदलता येते. हे लाभ खरे आहेत, परंतु ते उंच आणि जड गाडीत फार मोठे असतात. बीएमडब्ल्यूने ही व्यवस्था २००१ च्या ७ सिरीजवर आणली, पोर्शेने २००७ मध्ये कायेनवर, आणि बेंटलेने २०१५ मध्ये ४८ व्होल्टची आवृत्ती बेंटायगावर. या तिन्ही गाड्यांचा आकार पाहिला की कारण लक्षात येते. बुटक्या दोन आसनी गाडीत झुकण्याचे प्रमाण आधीच थोडे असते.

चालकाला मिळणाऱ्या सूचनेबद्दल आपली शंका रास्त आहे. झुकणे हे वळणाच्या तीव्रतेचे एक माप असते आणि अनेक चालक नकळत त्यावर विसंबतात. ते काढून घेतले की स्टिअरिंगचा जडपणा आणि आसनातून जाणवणारी मागच्या चाकांची सरकण यांवरच अवलंबून राहावे लागते. सवयीने ते जमते, पण आजच्या विद्युत स्टिअरिंगमधून मिळणारी माहिती आधीच कमी झालेली असल्याने मी माझ्या गाडीत हा पर्याय घेणार नाही. आणखी एक: नियंत्रित डॅम्पर झुकण्याचा वेग कमी करतात, अंतिम कोन नव्हे. लांब वळणात गाडी शेवटी साध्या गाडीइतकीच झुकेल, हे माहीत असलेले बरे.

एका गोष्टीची चौकशी आपण केलेली नाही, तरी ती मला याहून महत्त्वाची वाटते. गाडीसाठी मोठी चाके निवडलेली असतील तर कृपया पुनर्विचार करावा. चाक एका इंचाने मोठे झाले की टायरची बाजूची भिंत साधारण अर्ध्या इंचाने बुटकी होते, चाकाचे वजन बहुधा वाढते, आणि रस्त्यावरील पहिला धक्का पचवण्याचे टायरचे काम सस्पेन्शनवर येऊन पडते. डॅम्परला हालचाल कळून तो बदलेपर्यंत तीक्ष्ण कडेचा धक्का बॉडीत पोहोचलेला असतो. कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेले सर्वांत लहान चाक आणि नियंत्रित डॅम्पर हा जोड मी कोणत्याही अ‍ॅक्टिव्ह बारपेक्षा वरचा मानतो.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. मात्र वॉरंटीनंतरची बाजू मांडतो. माझ्या गाडीचा मागचा एक नियंत्रित डॅम्पर वॉरंटी संपल्यानंतर गळू लागला. अधिकृत कार्यशाळेने दोन्ही बाजूंचे डॅम्पर एकत्र बदलण्याचा आग्रह धरला. तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच आहे, कारण एक नवा आणि एक झिजलेला डॅम्पर एकाच अ‍ॅक्सलवर ठेवू नये. पण खर्च ठरावीक डॅम्परांच्या कितीतरी पट झाला. आपण गाडी दीर्घकाळ ठेवणार आहात, तेव्हा डॅम्परांचा एक पूर्ण संच बदलावा लागेल असे गृहीत धरूनच हिशोब करा.

दिलासा एवढाच की पर्याय उपलब्ध असतात. बिलस्टाइनचे डॅम्पट्रॉनिक संच काही मॉडेलांत मूळ इलेक्ट्रॉनिक्सशी थेट जोडले जातात. केडब्ल्यूसारख्या कंपन्या साधे डॅम्पर बसवल्यावर डॅशबोर्डवर दोषाची सूचना येऊ नये म्हणून जोडावयाचे भागही देतात. आपल्या मॉडेलसाठी असे काही मिळते का हे आताच पाहून ठेवावे. अ‍ॅक्टिव्ह बार हायड्रॉलिक असतील तर त्यांत पंप, नळ्या, व्हॉल्व्ह आणि सील यांची भर पडते आणि त्यांना बाहेरचा पर्याय मिळणे फार कठीण असते. माझ्या मते दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्यासाठी तिसरा पर्याय बाद होण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गाडीचे वजन १४०० किलोच्या थोडे पुढे आहे आणि डॅम्पर, इंजिन व स्टिअरिंग यांच्या स्थिती वेगवेगळ्या निवडता येतात, हे माहितीपुस्तिकेवरून पाहून घेतले. भाराच्या स्थलांतराबद्दलचे स्पष्टीकरण वाचल्यावर अ‍ॅक्टिव्ह बारचा विचार सोडून दिला आहे. चाकेही एका मापाने लहान घेईन.

आता एकच शंका उरते. नियंत्रित डॅम्परांसोबत गाडी १० मिलिमीटरने खाली येते आणि हा भाग वगळता येत नाही. उंची कमी झाली म्हणजे चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागाही, बंप स्टॉपची (चाकाची वरची हालचाल शेवटी थांबवणाऱ्या लवचीक ठोकळ्याची) लांबी तीच असेल तर, तेवढीच कमी होणार. सौम्य स्थितीत, दोन प्रवासी आणि सामान असताना, मोठ्या खोलगट भागात गाडी बंप स्टॉपवर आदळते का, आणि ही जागा भरून काढण्यासाठी अशा संचातील स्प्रिंगा अधिक कडक दिलेल्या असतात का? गाडी उचलून स्प्रिंगांवरील भाग क्रमांक दोन्ही प्रकारांत वेगळे आहेत का ते पाहण्याची परवानगी विक्रेत्याने दिली आहे. त्या वेळी आणखी काय तपासावे, हे कोणी सांगितले तर ऑर्डर त्यानंतरच देईन.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

स्प्रिंगांचे भाग क्रमांक बहुधा वेगळेच निघतील, आणि तसे निघाले तर ते चांगले लक्षण आहे. तेच राहिले तर उंची कशाने कमी केली हे विचारावे. बंप स्टॉपची लांबी आणि त्याचा पदार्थ दोन्ही गाड्यांत ताडून पाहा. चाचणीच्या गाडीचा डॅम्पर दांडा झाकणाऱ्या रबरी आवरणाखाली पाहता आला तर बंप स्टॉपवर दबल्याच्या खुणा आहेत का तेही बघा; अनेकांनी चालवलेली चाचणीची गाडी या बाबतीत पुष्कळ काही सांगते. त्यानंतर सोबत एक प्रवासी आणि मागे सामान ठेवून, सौम्य स्थितीत, परिचित खोलगट भागावरून नेहमीच्या वेगाने एकदा जा. बंप स्टॉप हळूहळू दबत असेल तर बॉडी मऊपणे थांबते आणि चिंतेचे कारण नाही. ठोका ऐकू आला, किंवा त्या क्षणी स्टिअरिंग हलके झाले, तर ती गाडी आपल्या रस्त्यांसाठी १० मिलिमीटरने अधिक खाली आहे, आणि मग साध्या सस्पेन्शनची मूळ गाडीच घ्यावी.