कुलगुरूंचं भाषण ऐकलं, पुढे काय?

वसतिगृहवासी, नागपूर: आमच्या कुलगुरूंनी सगळ्यांसमोर सामाजिक सलोख्यावर भाषण केलं. व्यसनं आली, मोबाईल आला. जातीबद्दल अवाक्षर नाही. १९५६ ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे! आमच्या मेसमध्ये नवीन पोराला आडनाव विचारतात, मग लगेच प्रवेशाचे मार्क. पोरगं ताटात बघत राहतं. मोठ्या पदावरच्या माणसाने यावर बोलू नये का?

अंबाझरीकर: बोलावंच. वरचे गप्प राहिले की वॉर्डनही कानाडोळा करतो.

निवृत्त मास्तर: बाळा, भाषण हवंच, पण तेवढ्यावर थांबू नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो अधिकारी कोण, हे कुलगुरूंनी माईकवरून सांगायला हवं होतं. माझ्याकडे मुलं तक्रार लिहून आणायची, पण द्यायची कुणाकडे हेच त्यांना ठाऊक नसायचं. तो अधिकारी कोण, ते लेखी विचार. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नको.

वसतिगृहवासी: सर, नोटीस बोर्डावर असं नाव कुठेच नाही. सोमवारी मेसमधल्या त्या पोरालाही सोबत नेतो, तो तयार असेल तर.

निवृत्त मास्तर: त्याला आधी विचारणार आहेस, हे बरं.