सुरुवात ‘द हॉबिट’पासूनच

टॉल्किनच्या काल्पनिक जगातली पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत? ‘द सिल्मरिलियन’मध्ये त्या जगाचा काळ सगळ्यात आधीचा आहे, म्हणून नव्या वाचकाने तिथूनच सुरुवात करावी, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. ते पुस्तक टॉल्किन गेल्यानंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, मुलगा ख्रिस्तोफरने हस्तलिखितांमधून जुळवून छापलं. आधी त्या जगाचा लळा लागल्याशिवाय त्यातली नावं आणि वंशावळी डोक्यावरून जातात. ‘द हॉबिट’ हातात द्या, मग ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’.

आणि याच क्रमाने वाचताना एक गंमत कळते. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीतला गॉलम, म्हणजे गुहेत राहणारा, जादूची अंगठी बाळगणारा प्राणी, बराच सरळ होता. कथेचा नायक बिल्बो याच्याशी झालेल्या कोड्यांच्या खेळात त्याने ती अंगठी बक्षीस म्हणून लावली होती. ती सापडेना तेव्हा त्याने चक्क माफी मागितली आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवली! पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठीचं रूप भयंकर झालं, तेव्हा हे जुळेना. टॉल्किनने १९४७ मध्ये प्रकाशकाकडे नव्याने लिहिलेला मजकूर नमुना म्हणून पाठवला आणि तोच १९५१ च्या आवृत्तीत आला. जुना मजकूरही त्याने वाया जाऊ दिला नाही. बिल्बोने आधी सांगितलेली ती खोटी हकिकत होती आणि हे खोटं बोलणं म्हणजेच अंगठीचा पहिला परिणाम, असं त्याने पुढच्या कादंबरीत गुंफलं. चूक दुरुस्त करताना कथा इतकी खोल नेणारा लेखक मला तरी दुसरा माहीत नाही.