जुन्या २८ इंची स्टीलच्या फ्रेमवर फिक्स्ड गिअर सायकल: बारा हजारांत काय करावे, काय टाळावे?

प्रश्न: धायरीकर

सर्वांना नमस्कार.

वडिलांनी १९८४ साली घेतलेली काळी, दांडीची, २८ इंची सायकल बरीच वर्षे आमच्या जिन्याखाली पडून होती. यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर काढली. मडगार्ड, चेनकव्हर आणि दोन्ही रिमा गंजून कामातून गेल्या आहेत. परंतु फ्रेमचा आणि चिमट्याचा (पुढचे चाक धरणाऱ्या फाट्याचा) रंग दोन-तीन ठिकाणी खरवडून पाहिला तेव्हा आतले स्टील निकोप निघाले, जोडांपाशी कुठेही तडा दिसला नाही, आणि सीटची दांडीसुद्धा रात्रभर तेल मुरवल्यावर सकाळी हलकेच फिरली. ही फ्रेम भंगारात जाणार नाही, एवढे घरात सर्वांनी मिळून ठरवले आहे.

तिच्यावर फिक्स्ड गिअर सायकल बांधावी, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाक फिरेल तोवर पायडलही फिरत राहील अशी सायकल करावी, असा माझा विचार आहे. धायरीहून डेक्कनपर्यंत रोजचे जाणे-येणे आहे आणि एकूण बारा हजार रुपये बाजूला काढले आहेत. मागच्या चाकाचा ॲक्सल बसतो तिथे दोन्ही बाजूंमधले आतले अंतर ११४ मिलिमीटर भरते, खाच आडवी आहे, क्रँक (पायडलचे दांडे) कॉटरचे, म्हणजे पाचरीने अडकवलेले आहेत आणि ४४ दात्यांच्या चेनव्हीलचे दाते अजून झिजून टोकदार झालेले नाहीत. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) आऱ्यांसाठी ४० भोके आहेत.

आमच्या भागातील मिस्त्री म्हणतात की जुने फ्रीव्हील वेल्ड करून देतो, दोनशे रुपयांत काम होईल. एका मित्राने वेगळा मार्ग सुचवला आहे: जुन्या हबवर फ्रीव्हीलच्या जागी फिक्स्ड कॉग (चाकाबरोबरच फिरणारे दातेरी चक्र) फिरवून बसवायचा आणि त्याच्यावर बीबीची (क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटची) रिंग आवळायची. दोन्हींत नव्या हबचे पैसे वाचतात. यांपैकी कोणता मार्ग धरावा? आणि पायांनी मागे रेटून सायकल थांबवता येत असेल, तर ब्रेकवर खर्च करण्याची गरज आहे का?

उत्तर: आटे-छर्रे

नमस्कार. कृपया दोन्हींपैकी कोणताही मार्ग धरू नका. कारण जरा सविस्तर लिहितो, म्हणजे मिस्त्रींनाही समजावून सांगता येईल.

आपल्या जुन्या हबवर फ्रीव्हीलसाठी जे आटे असतात ते १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात. फिक्स्ड कॉगचे आटेही तेच असल्यामुळे कॉग त्या हबवर सुरेख बसतो, आणि फसगत नेमकी इथेच होते. तुम्ही पायडल पुढे मारता तेव्हा चेन कॉगला आवळत जाते. परंतु फिक्स्ड गिअरवर तुम्ही वेग कमी करण्यासाठी मागेही रेटता, आणि त्या वेळी तोच जोर कॉग उघडण्याच्या दिशेने लागतो. खऱ्या ट्रॅक हबवर यासाठी कॉगच्या बाहेरच्या अंगाला, थोड्या लहान व्यासाचे, उलटे आटे काढलेले असतात आणि त्यांच्यावर लॉकरिंग बसते. कॉग सुटू लागला की तो लॉकरिंगला आपल्याबरोबर फिरवायला बघतो, आणि आटे उलटे असल्यामुळे ती दिशा लॉकरिंग आवळण्याची ठरते. म्हणजे सुटण्याचा प्रयत्नच त्याला जखडून टाकतो.

बीबीची रिंग मात्र सरळ आट्यांची असते. कॉग हलला की तीही त्याच्याबरोबर सुटते, मग तुम्ही कितीही ताकदीने आवळा आणि आट्यांना कोणताही चिकट द्राव लावा. वेल्ड केलेल्या फ्रीव्हीलचे तेच आहे, कारण वेल्डिंगने फ्रीव्हीलचे आतले दोन भाग एकमेकांना जोडले जातात, हबवरचे आटे नव्हेत. शिवाय फ्रीव्हीलच्या आतले छर्रे त्या उष्णतेने खराब होतात आणि सगळा तुकडा किंचित वाकडा फिरतो.

मी स्वतः २०१२ साली बीबी रिंगवर सात महिने सायकल चालवली आणि त्या सात महिन्यांत काहीही झाले नाही. मग एके दिवशी चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना, पुढे बस थांबली म्हणून मी पाय मागे रेटले, आणि पायांना लागणारा जोर एकदम नाहीसा झाला. लोण्यातून सुरी फिरावी तसे पायडल अर्धा फेरा मोकळे गेले. कॉग सुटला होता. पुढच्या चाकाला ब्रेक होता म्हणून बसच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. घरी येऊन पाहिले तर रिंग आणि कॉग दोन्ही हाताने फिरत होते, पानासुद्धा लावावा लागला नाही.

म्हणून पैसे कुठे घालायचे याचे उत्तर माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे: लॉकरिंगचे आटे असलेले १२० मिलिमीटर रुंदीचे हब आणि पुढचा चांगला ब्रेक. बाकी सगळीकडे काटकसर करता येते. हब शक्यतो दुहेरी घ्यावे, म्हणजे एका बाजूला फिक्स्ड कॉग आणि चाक उलटे लावले की दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. एका दात्याच्या फरकाने ॲक्सल खाचेत सुमारे तीन मिलिमीटर पुढे-मागे होतो, त्यामुळे फिक्स्ड बाजूला १७ आणि फ्रीव्हीलच्या बाजूला १८ दाते ठेवले तर तीच चेन दोन्हीकडे चालते.

तुमच्या जुन्या रिमांचा विचार सोडून द्या. ट्रॅक हब ३२ किंवा ३६ भोकांची मिळतात, ४० भोकांची जुनी रिम त्यांना उपयोगी पडत नाही. ७०० सी मापाच्या दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियम रिमा घ्या. या हबची एक सोय अशी की दोन्ही बाजू सारख्या असल्याने उजव्या-डाव्या आऱ्यांची लांबी एकच लागते आणि चाक बांधणे व आउट काढणे (चाक सरळ फिरेल असे करणे) सोपे जाते. ज्याला चाक बांधायला शिकायचे आहे, त्याने याच चाकापासून सुरुवात करावी.

४४ दात्यांचे चेनव्हील आनंदाने वापरा. ते जाड, १/८ इंची चेनचे आहे, म्हणून कॉग आणि चेनही १/८ चीच घ्या. ४४ ला १७ हे प्रमाण ठेवले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरहून थोडी जास्त जाते, म्हणजे वडिलांना जो जोर लागत असे जवळपास तेवढाच तुम्हाला लागेल.

उत्तर: लांब पल्ला

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. ब्रेकबद्दल आणि उंचीबद्दल थोडी भर घालतो.

सायकलचा वेग कमी करताना वजन पुढे सरकते आणि मागचे चाक हलके होते. पायांनी केलेले थांबवणे हे फक्त मागच्या, म्हणजे हलक्या झालेल्या चाकावर चालते. त्यामुळे पाय कितीही तयार असले तरी पुढच्या ब्रेकइतक्या अंतरात सायकल थांबत नाही. ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात हे खरे आहे, परंतु तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून रिक्षा वळत नाही. मी काही वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथल्या कायद्यात दोन स्वतंत्र ब्रेक आवश्यक आहेत आणि फिक्स्ड मागचे चाक त्यांतला एक धरला जातो, म्हणून पुढचा ब्रेक असावाच लागतो. हा नियम आपल्या रस्त्यांवर स्वतःहून पाळावा असे मला मनापासून वाटते. हबच्या फ्रीव्हील बाजूने चालवणार असाल तेव्हा मागेही ब्रेक लागेल, हे लक्षात असू द्या.

उताराचा हिशेबही आधी करून ठेवा. ४४ ला १७ या प्रमाणात २५ च्या वेगाला पाय मिनिटाला साधारण ७५ फेरे करतात, ते सुखाचे आहे. कात्रजच्या उतारावर सायकल ४५ ला गेली तर तेच फेरे १३० च्या वर जातात आणि पाय थांबवण्याची सोय नसते. ब्रेकने वेग आधीपासून धरून ठेवावा, सुटल्यावर आवरायला जाऊ नये.

आता उंचीचे सांगतो, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या जुन्या सायकलची २८ × १½ ची रिम ६३५ मिलिमीटर व्यासाची आणि ७०० सी ची ६२२ ची, म्हणजे त्रिज्येत साडेसहा मिलिमीटरचा फरक. वर टायर बारीक घेतला तर सगळी सायकल आणखी खाली बसते. २८ मिलिमीटरच्या टायरवर बीबी दीड सेंटिमीटरहून जास्त खाली येईल. फ्रीव्हीलच्या सायकलवर वळताना आतला पायडल वर धरता येतो, गतिरोधकावर दोन्ही पायडल आडवे ठेवता येतात. फिक्स्डवर तसे करता येत नाही, पायडल जिथे असेल तिथे असतो. म्हणून तुम्ही ३५ मिलिमीटरचे टायर घ्या. तुमच्या फ्रेममध्ये जागा भरपूर आहे आणि सिंहगड रस्त्याच्या खड्ड्यांत त्यांचा उपयोगही होईल.

याच कारणाने ब्रेक विकत घेण्यापूर्वी चिमट्याच्या वरच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजून घ्या. रोड सायकलींचे नेहमीचे ३९ ते ४९ मिलिमीटरचे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक) तिथे पोहोचणार नाहीत, लांब हातांचे कॅलिपर शोधावे लागेल. हँडलपासून सळयांनी ओढले जाणारे जुने ब्रेक जाणार असल्यामुळे हँडलही बदलेल. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर हँडल आणि सीट स्वस्तात मिळण्याची शक्यता आहे. तिथून हब आणि ब्रेक मात्र घेऊ नका.

उत्तर: चिमटा आणि दोरी

मी पंचवीस वर्षे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवले. ११४ चे १२० कसे करायचे हे अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर उघडायचे आहे. स्टीलला ते सहज सोसते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये. आधी एक बारीक, न ताणणारी दोरी घ्या. उजव्या खाचेला बांधून ती पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोरीचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते सारखे असेल तर फ्रेम सरळ आहे. वीस वर्षे कॅरिअरवर पोती वाहिलेल्या फ्रेममध्ये ते बहुधा सारखे नसते, आणि मग जी बाजू आत आहे तीच जास्त उघडायची.

फ्रेम आडवी निजवून, सीटची नळी कोणाला तरी घट्ट धरायला सांगून, लांब लाकडी फळीने एका वेळी एकच बाजू उघडा. हवे त्याच्या पलीकडे थोडे न्यावे लागते, कारण स्टील परत येते. हात सावकाश चालवा, दर वेळी दोरी लावा. घाईने दोन्ही बाजू एकदम ताणल्या तर जी नळी मऊ असेल ती एकटीच वाकते.

दुसरे, नव्या हबचा मागचा ॲक्सल १० मिलिमीटरचा आणि पुढचा बहुधा ९ चा असेल. तुमच्या चिमट्याची खाच ५/१६ इंचाच्या ॲक्सलसाठी केलेली आहे, ती कानसेने रुंद करावी लागेल. दोन्ही बाजू मोजून सारख्या घासा, नाहीतर चाक तिरके बसेल.

कॉटरचे क्रँक चांगले असतील तर बदलू नका. बीबीचे कप काढून छर्रे नवे टाका, पाव इंची, एका बाजूला अकरा, भरपूर ग्रीस लावून. चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावल्यास कप फुटतो. पुढेमागे नवी बीबी घालायची झाल्यास आधी आटे मोजून घ्या, कारण रॅलेच्या जुन्या सायकलींत इंचाला २४ ऐवजी २६ आटे असत आणि तिथे आजची बीबी बसत नाही.

धायरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिस्त्रींना आट्यांची गोष्ट समजावली, तेव्हा त्यांनी स्वतःच वेल्डिंगचा विषय सोडून दिला आणि फ्रेम उघडण्याच्या वेळी सीटची नळी धरायला ते घरी आले. दोरी लावल्यावर डावी बाजू दोन मिलिमीटर आत निघाली. आता अंतर १२० आहे, चाके बांधून झाली, लांब हातांचे कॅलिपर मिळाले आणि एकूण खर्च ११,४०० रुपये झाला, त्यातला निम्म्याहून जास्त दोन चाकांवर.

एकच अडचण उरली आहे. चेन एका जागी घट्ट आणि अर्ध्या फेऱ्यानंतर सैल लागते. कोणत्या जागी ताण धरावा?

उत्तर: आटे-छर्रे

कॉटरच्या क्रँकवर चेनव्हील कायमचे बसवलेले असते, त्यामुळे ते बोल्ट सैल करून मध्यावर आणता येत नाही. सर्वांत घट्ट जागा शोधा आणि त्या जागी चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली सुमारे एक सेंटिमीटर हालचाल राहील असा ताण धरा. घट्ट जागी चेन तारेसारखी ताणली तर बीबीचे आणि हबचे छर्रे लवकर जातात. सैल जागी चेन दात्यांवरून उतरण्याइतकी लोंबत असेल, तर मात्र चेनव्हील बदलावेच लागेल, कारण फिक्स्डवर चेन उतरली तर मागचे चाक जागच्या जागी जखडू शकते.

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर लॉकरिंग पुन्हा आवळा, कारण चढावर जोर लावल्याने कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंगशी फट पडते. आणि चेन पुसताना चाक कधीही फिरते ठेवू नका. फ्रीव्हीलच्या सवयीने मी एका हाताने मागचे चाक फिरवत दुसऱ्या हातात फडके धरले होते. फडके चेनव्हीलमध्ये गेले, त्यामागून तर्जनीही गेली, आणि चाकाच्या वेगामुळे चेन थांबली नाही. नख परत आले, पण बोटाच्या टोकाला अजून नीट स्पर्श कळत नाही. चाक स्थिर ठेवून, पायडल हाताने मागे-पुढे सरकवत, एका वेळी चार कड्या पुसाव्यात.