विषय: गुरुजींचं तिकीट, मुंबई का हैदराबाद?

चिटणीस:
मंडळी, गुरुजींचं व्याख्यानासाठी इथं दुबईला यायचं तिकीट आज रात्री काढायचंय. मुंबईचं स्वस्त पडतंय आणि अंतरही कमी. मुंबई-दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, हैदराबाद-दुबई २,५५०. सहाशे किलोमीटर जास्तीचे कशाला? हरकत असेल तर नऊच्या आत कळवा.

उदगीरकर:
हरकत आहे. गुरुजी विमानतळावर राहत नाहीत, उदगीरला राहतात. तिथून शमशाबाद, म्हणजे हैदराबादचा विमानतळ, अडीचशे किलोमीटरच्या आत. भालकी, बीदर, जहिराबाद करत पटानचेरूपाशी आउटर रिंग रोड धरला की हैदराबाद शहरात शिरायचंच काम नाही. चहापाणी धरून पाच तास. मुंबईला जायचं म्हणजे रात्रभर रेल्वे, वर सीएसएमटीहून सहार विमानतळापर्यंत टॅक्सी. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे धरलेले. आकाशातला पाऊण तास वाचवायला जमिनीवरचे सात-आठ तास त्यांच्या माथी मारायचे का?

खजिनदार:
पाऊण तास कसा? मुंबईच्या तिकिटावर सकाळी दहाला सुटून पावणेबाराला दुबई आहे. पावणेदोन तास. आणि तिकिटांचं काम आजवर मी बघत आलोय, ते समितीत ठरू द्या.

परभणीकर ताई:
दादा, त्या वेळा जिथल्या तिथल्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन तास झाले. हैदराबादहून चारच्या आसपास. परत जाताना उलट होतं, घड्याळ पुढं जातं. माझी आई परत गेली तेव्हा भावानं तिकिटावर साडेचार तास वाचले आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर द्या म्हणून मागं लागला. प्रवास तीनच तासांचा होता.

संभाजीनगरकर:
चिकलठाण्याहून मुंबईचं विमान का नको? तासाभराचं काम. आपल्या विमानतळाचं नाव कुणी काढतच नाही.

उदगीरकर:
भाऊ, उदगीरहून चिकलठाणाच तीनशेच्या वर आहे. त्यापेक्षा शमशाबाद जवळ पडतं. शिवाय मुंबईत एक विमान सोडून दुसरं गाठायचं. आणि परतीला मुंबईत उतरलं की सामान घेऊन, कस्टम पार करून पुढच्या विमानात पुन्हा द्यावं लागतं. ते गुरुजींना एकट्यानं झेपणार नाही.

नांदेडकर:
आमच्याकडं मोठा दवाखाना म्हटलं की हैदराबादच. लग्नाचा बस्तासुद्धा तिथनंच बांधायचे. १९५६ पर्यंत एकाच राज्यात होतो आपण. आमचे आजोबा तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकले, त्यांनी मुंबई पाहिली ती साठीनंतर. गुरुजी १७ सप्टेंबरवर, मराठवाडा मुक्तिदिनावर, बोलणार आहेत, त्यांना हा रस्ता नवा नाही.

चिटणीस:
हैदराबाद नक्की करते. फरकाच्या पैशाचं काय?

उदगीरकर:
फरक मी देतो. माझा भाचा गाडीनं सोडायला येईल. तेवढी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा चिटणीस ताई, काउंटरवर मागितली की ताटकळत बसावं लागतं.

खजिनदार:
फरक मंडळच देईल, एकट्यानं भरायचा नाही. पण परतीचं बघा. दुबईहून सकाळी दहाला निघाले तरी शमशाबादला तिथले सव्वातीन वाजणार, बाहेर पडेपर्यंत साडेचार. पुढं पाच तास, तेही अंधारात. बीदरला रात्रीचा मुक्काम ठेवू. तिथं ओळखीचं घर आहे का कुणाचं?

परभणीकर ताई:
माझी मावसबहीण आहे, तळमजल्यावर. आत्ताच फोन लावते.