थार रॉक्स: पेट्रोलवाल्यांनी ‘ऑफ-रोडर घेतली’ म्हणावं का?

घाटवेडा:
महिंद्राची पाच दारांची थार रॉक्स २०२४ च्या १५ ऑगस्टला आली. ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात १,७६,२१८ नोंदण्या झाल्या. आकडा कंपनीनेच दिलेला, त्यातल्या किती टिकतील ते सोडा. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. या गर्दीतल्या प्रत्येकाला आपण ऑफ-रोडर, म्हणजे डांबर सोडून चिखल-दगडांत जाणारी गाडी घेतोय असं वाटतंय, आणि पेट्रोल रॉक्सला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) मिळतच नाही. फोर बाय फोर फक्त डिझेलला, तीही २०२४ मध्ये १८.७९ लाखांपासून होती. १२.९९ लाखांची जी किंमत तेव्हा सगळीकडे झळकत होती ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या पेट्रोल गाडीची. तीन दारांच्या थारला २०२० पासून पेट्रोल फोर बाय फोर आहे. मोठ्या बहिणीला का नाही?

शिवाय व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० वरून २८५० मिलीमीटर झाला. वरच्या व्हेरियंटना १९ इंची चाकं. आत पांढऱ्या सीट. माझं स्पष्ट मत: गाडी उत्तम आहे, खुशाल घ्या, पण रिअर व्हील ड्राइव्ह रॉक्सला ऑफ-रोडर म्हणू नका. ती थारच्या चेहऱ्याची फॅमिली एसयूव्ही आहे.

डिझेलदास:
असहमत. घाटवेडा, तुम्ही व्हीलबेसचा बागुलबुवा उभा केलाय. रॉक्सचे कोन बघा. अ‍ॅप्रोच (पुढचं नाक न घासता चढायचा कोन) ४१.७ अंश, डिपार्चर (मागचा तसाच कोन) ३६.१, पोटाखालचा ब्रेकओव्हर (उंचवट्यावर पोट न टेकता जायचा कोन) २३.९. छोट्या थारचा ब्रेकओव्हर २६-२७ च्या घरात आहे. म्हणजे चारशे मिलीमीटर लांबी वाढवून फरक पडला तीनेक अंशांचा. पुढचा-मागचा कोन जवळपास तोच राहिला. पाण्यातून जायची मर्यादा दोघींची ६५० मिलीमीटर. अजून काय हवं?

आणि गंमत सांगू? मारुतीच्या ज्या पाच दारी जिम्नीला सगळे ‘खरी ऑफ-रोडर’ म्हणतात तिचा ब्रेकओव्हर २४ अंश आहे.

जिम्नीवाला:
आलं का माझ्या गाडीवर. जिम्नीचं वजन साधारण १२०० किलो. रॉक्स तिच्यापेक्षा कितीतरी जड. चिखलात कोन नाही हो बुडत, वजन बुडतं. दुसरं, या दोघींत पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) फक्त जिम्नीला आहे. रॉक्सला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलणार. आणि जिम्नी कुठलंही व्हेरियंट घ्या, फोर बाय फोर आणि लो रेंज (खूप हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर) मिळतंच. ‘फोर बाय फोरवाली की बिनफोरवाली’ हा प्रश्नच येत नाही.

डिझेलदास:
@जिम्नीवाला, लॉकर (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) आहे का जिम्नीला? नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद पाठवते. १०५ पीएसचं पेट्रोल इंजिन, वर चार माणसं आणि सामान. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडते ती.

जिम्नीवाला:
रडते, पण चढते. आणि चार माणसं भरून ट्रेलवर (डोंगर-जंगलातल्या वाटेवर) जाणारा माणूस मला अजून भेटायचाय.

वडापमामा:
तुम्ही पोरं कोन मोजत बसा. आमच्याकडं कमांडर जीप वडापला चालायच्या. त्यातल्या कितीतरी फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद. मागं दहा, पुढं चार, टपावर पोती, आणि एक जण मागं लोंबकळत. वाडीवस्तीचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात ओढाच. गाडी कधी परत आली नाही असं झालं नाही. त्या जीपला कुणी ऑफ-रोडर म्हणत नव्हतं, आणि आज पेट्रोल रॉक्सवाल्याला तुम्ही म्हणू देत नाही. त्याला म्हणू द्या की. त्यानं कुणाचं काय जातंय?

घाटवेडा:
मामा, मुद्दा आवडला. पण वडापवाल्याला रोजचा रस्ता पाठ असायचा. कुठल्या वळणावर चिखल आहे, कुठे गाडी डावीकडे घालायची, हे त्याच्या हातात होतं. वर दहा माणसांचं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे पकडही आपोआप. आणि अडकलीच तर धक्का मारायला तेच दहा जण. आज रिकामी, जड, मागच्या चाकांवर चालणारी गाडी गुळगुळीत हायवे टायरवर पहिल्यांदाच ओल्या गवताच्या उतारावर घालणारा माणूस वेगळा. त्याला ‘ऑफ-रोडर’ हा शब्द नको तो धीर देतो. समुद्रकिनाऱ्यावर भरतीत रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

गिअरबदलू:
व्हिडिओतल्या त्या गाड्यांत फोर बाय फोरही असतात बरं का. फोर बाय फोर माणसाला आणखी आत नेऊन अडकवतं, एवढाच फरक.

सासवडकर_पेट्रोल:
मी पेट्रोल ऑटोमॅटिक बुक केली आहे, म्हणून माझंही ऐका. १७७ पीएस, ३८० न्यूटन मीटर. माझ्या घरात आई-वडील, दोन मुलं. छोट्या थारमध्ये मागे बसायचं म्हणजे पुढची सीट पाडून वाकून आत शिरायचं. आई एकदा शिरली, पुन्हा बसायला तयार नाही. मला वर्षातून कधीतरी शेताच्या कच्च्या रस्त्याने जायचंय, तेवढ्याला लो रेंज कशाला? फोर बाय फोरसाठी २०२४ च्या किमतींत पावणेदोन ते दोन लाख जास्त होते, शिवाय ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), त्याच्यापर्यंत ताकद नेणारा एक जादा प्रॉपशाफ्ट. वजन वाढणार, तेल जास्त खाणार.

आणि ‘फॅमिली एसयूव्ही’ असं तुम्ही हेटाळणीने म्हणताय, मला ते कौतुक वाटतं. भारत एनसीएपीच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.०९ गुण. शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या गाडीला हे मिळणं छोटी गोष्ट नाही. छोट्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनसीएपीचे चार होते.

घाटवेडा:
पेट्रोलवाले दादा, हेटाळणी अजिबात नाही. तुमची निवड तुमच्या गरजेला बरोबर बसते आणि तुम्ही ती उघड सांगताय. माझा राग तुमच्यावर नाही, पोस्टरवर आहे. पोस्टरवर गाडी दगडावर चढलेली, आणि विकायची सगळ्यात जास्त ती, जी त्या दगडावर चढणार नाही.

लो_रेंज:
थोडं तांत्रिक लिहितो, कारण ‘फोर बाय फोर नको’ आणि ‘मिळालं तर हायवेलाही पकड वाढेल’ अशी दोन्ही टोकं वाचतोय. रॉक्सचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे हवं तेव्हाच लावायचं. लिव्हर ओढून फोर एचला (फोर बाय फोर, नेहमीच्या वेगाचे गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत चाक थोडं घसरून हा फरक भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा पीळ ड्राइव्हलाइनमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ओढल्यासारखी चालते, आणि कुणी तसंच दामटलं तर नंतर खर्च. तेव्हा कोरड्या हायवेवर पार्ट-टाइम फोर बाय फोरचा उपयोग शून्य. ज्यांनी ‘सेफ्टीसाठी फोर बाय फोर’ म्हणून बुक केलंय त्यांनी हे समजून घ्या. पावसात डांबर निसरडं झालं तरी आधी वेग कमी करा, टायर चांगले ठेवा.

आता दुसरी बाजू. माझ्या मते या गाडीत खरी किमतीची गोष्ट ट्रान्सफर केस नाही, मागचा इलेक्ट्रॉनिक लॉकर आहे. दगडावर एक मागचं चाक हवेत गेलं की साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला देतो. लॉकर दाबला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, जमिनीवरचं चाक गाडी ढकलतं. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असल्याने चाक लवकर उचललं जाणार, तिथे लॉकर नसता तर जिम्नीवाल्यांचं म्हणणं मी मान्य केलं असतं. इंटेलीटर्न म्हणजे आतल्या बाजूचं मागचं चाक ब्रेकने धरून गाडी त्याच्याभोवती वळवणं. २८५० चा व्हीलबेस आहे म्हणून ते द्यावंच लागलं असणार. ट्रेलवरच्या अरुंद वळणाला उपयोगी, मॉलच्या पार्किंगमध्ये कृपा करून नको.

मागच्या सस्पेन्शनबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. रॉक्सला मागे वॉट्स लिंकेज आहे. नुसता पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूने धरणारा एक दांडा) असला तर अ‍ॅक्सल वर-खाली होताना कंसात सरकतो, म्हणजे मागची बाजू खड्ड्यात किंचित आडवी होते. वॉट्स लिंकेजमध्ये अ‍ॅक्सल जवळपास सरळ रेषेत वर-खाली होतो. मागच्या सीटवरच्या माणसाला हे जाणवतं. याच एका कारणासाठी मी रॉक्सला छोट्या थारपेक्षा चांगली गाडी म्हणेन, ट्रेलवरही.

गुरखाप्रेमी:
सगळे थार-जिम्नी करताय, फोर्सच्या गुरखाला विसरलात. पुढे आणि मागे, दोन्हीकडे यांत्रिक डिफ लॉक, म्हणजे लॉकरच. ७०० मिलीमीटर पाणी. स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कंपनीतूनच. २३३ मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स. पाच दारी २०२४ मध्ये १८ लाखांत होती, आणि फोर बाय टू ही भानगडच नाही. धागा बंद करा.

सासवडकर_पेट्रोल:
ऑटोमॅटिक आहे का? एअरबॅग किती? दोन. धागा सुरूच ठेवा.

गुरखाप्रेमी:
दगडावर एअरबॅग नाही लागत.

लो_रेंज:
दगडापर्यंत हायवेनेच जाता ना?

पांढरीसीट:
मी एवढंच विचारतो: चिखलात जायच्या गाडीला हस्तिदंती सीट कोणाच्या डोक्यातून आल्या? आता फोर बाय फोरला मोका ब्राऊन देतायत. म्हणजे ओरड ऐकली. मग रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांनी पांढऱ्यावर कव्हर घालून फिरायचं का?

डिझेलदास:
@पांढरीसीट, कंपनीनेच उत्तर दिलंय की. ज्याची गाडी चिखलात जाणार त्याला ब्राऊन, बाकीच्यांना पांढरी. 😀 घाटवेडांचा मुद्दा सीटच्या रंगाने सिद्ध झाला.

दिल्लीस्थ:
घाटवेडा पेट्रोल फोर बाय फोर मागतायत, त्याला माझाही दुजोरा. दिल्लीत २०२४ च्या नियमाने दहा वर्षं झालेली डिझेल गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती, पेट्रोलला पंधरा वर्षं होती. म्हणजे २० लाख टाकून घेतलेली डिझेल रॉक्स तेव्हाच्या हिशोबाने दहा वर्षांत विकायची. इथून हिमाचल-उत्तराखंड जवळ, बर्फात खरा उपयोग आम्हाला, आणि पर्याय आम्हालाच नाही. छोट्या थारमध्ये हेच इंजिन फोर बाय फोरसोबत देतात, तेव्हा ‘जमत नाही’ हे कारण असू शकत नाही.

डिझेलदास:
ही मागणी योग्य आहे. पण ‘पेट्रोल फोर बाय फोर द्या’ आणि ‘रिअर व्हील ड्राइव्हला ऑफ-रोडर म्हणू नका’ हे दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिल्याला माझी सही, दुसरा मला अजून सोवळं-ओवळं वाटतो. ऑफ-रोड म्हणजे डांबर सोडून. कच्चा रस्ता, नदीपात्रातली रेती, शेताची वाट. शिडीची चेसिस, उंच पोट, चांगले कोन असलेली रिअर व्हील ड्राइव्ह गाडी यातलं बरंच करते, आणि शहरी एसयूव्हीपेक्षा जास्त मार खाऊन करते.

घाटवेडा:
कच्चा रस्ता तर स्विफ्टही करते. निकष काय मग? माझा निकष लो रेंज. लो रेंजमध्ये गिअर खाली आणून चालण्याच्या वेगाने, ब्रेकला हात न लावता उतरता येणं. ते नसेल तर तीव्र उतारावर ब्रेक आणि देव यांच्या भरवशावर. यात सोवळं काही नाही, ही यंत्राची मर्यादा आहे.

मॉडिफायर_नको:
एक सूचना. रॉक्स घेऊन लगेच लिफ्ट किट, मोठे टायर, लोखंडी बुलबार लावायच्या गप्पा सुरू झाल्यात. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवून बुलबार-क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. पाच तारे ज्या पुढच्या भागाच्या रचनेवर मिळाले, त्याच्यापुढे लोखंड बांधायचं आणि मग सुरक्षेवर बोलायचं, हे जमत नाही.

वडापमामा:
आमच्या कमांडरला पुढं लोखंडाचा गार्ड होता, त्याला पेटारा बांधायचो.

नवखा_चालक:
मला कोणी सरळ सांगेल का? बजेट २० लाखांपर्यंत, ट्रेलवर जायचंय, पण बायको आणि मुलगी सोबत. शोरूमने टेस्ट ड्राइव्हला पेट्रोल ऑटोमॅटिक दिली, फोर बाय फोर दाखवायलाच नाही म्हणाले.

लो_रेंज:
रॉक्सचं एमएक्स५ व्हेरियंट, डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर. १९ ऐवजी १८ इंची चाक मिळतं, तेच हवं. १९ इंचीला टायर २५५/६०, बाजूची उंची १५३ मिलीमीटर. १८ ला २५५/६५, म्हणजे सुमारे १६६. ट्रेलवर हवा कमी करून चालवताना हे बारा-तेरा मिलीमीटर रिम वाचवतात. ऑन-रोड किंमत मात्र वीसच्या वर जाईल, मनाची तयारी ठेवा.

जिम्नीवाला:
किंवा जिम्नी. मुलगी लहान असेल तर मागे आरामात बसते, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि वर्षभराचं पेट्रोल.

घाटवेडा:
नवखा, आधी शोरूमशी लढाई निपटा: त्यांना सांगा, फोर बाय फोरची गाडी येईपर्यंत बुकिंग पक्कं करणार नाही. आली की चढावर फोर एलमध्ये (फोर बाय फोर, लो रेंज) स्वतः चालवा, बायकोला मागे बसवा, मग ठरवा. पेट्रोल ऑटोमॅटिक चालवून फोर बाय फोर डिझेल मॅन्युअल विकत घेऊ नका. क्लच कसा वाटतो हे मांडीला विचारायचं असतं, ब्रोशरला नाही.