टेक्सास काउंटी: कमिशनर समोर बसून गप्प का राहतात?
एकाने विचारलंय की काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडून आलेल्या कमिशनरचं मासिक ईमेल पत्र येतं, पण बैठकीत प्रश्न विचारला तर कोणी उत्तरच देत नाही. टेक्सासमध्ये हा उर्मटपणा असेलच असं नाही. विषय अजेंड्यावर नसेल तर कायद्याने त्यांना फक्त वस्तुस्थिती किंवा आधीचं धोरण सांगता येतं, नाहीतर तो विषय पुढच्या अजेंड्यावर घ्यायचा; चर्चा नाही.

म्हणून आधी अजेंडा बघा. पूर्वी तो 72 तास आधी लावत, सप्टेंबर 2025पासून कामकाजाचे तीन दिवस आधी. 'कन्सेंट अजेंडा' (चर्चेविना एकत्र मंजूर करायच्या विषयांची यादी) वगळू नका, बिलं आणि कंत्राटं बरेचदा तिथेच एका झटक्यात मंजूर होतात. बोलायचं असेल तर अजेंड्यावरच्या विषयाचा क्रमांक लिहून नाव नोंदवा. कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीमुळे त्या विषयावर निर्णय होण्याआधी तुम्हाला बोलू द्यावंच लागतं. हा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही, एच-वन व्हिसावाल्यांनीही बिनधास्त बोलावं.

ईमेलबद्दल एक: पाचही जणांना (चार कमिशनर आणि बैठकीचे अध्यक्ष असलेले काउंटी जज) एकत्र पाठवू नका. कोणी 'रिप्लाय ऑल' केलं आणि तिघांची, म्हणजे बहुमताची, चर्चा सुरू झाली, की ती बेकायदा बैठक ठरू शकते. त्यामुळे सावध माणूस उत्तरच देत नाही. फक्त आपल्या प्रिसिंक्टच्या (काउंटीतल्या आपल्या मतदारविभागाच्या) कमिशनरला लिहा.

आणि खड्डा शहराच्या हद्दीत असेल तर तो बहुतेक सिटीचा, काउंटीला लिहून दोन आठवडे फुकट जातात.